ऑलिंपिक बास्केटबॉल: कुठल्या काळातली टीम सगळ्यात भारी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात फुटबॉल आणि कुस्तीवर वाद घालायला माणसं कधीच कमी पडत नाहीत, पण पॅरिस ऑलिंपिक झाल्यापासनं बास्केटबॉल खेळणारी पोरंपोरी संध्याकाळी जमली की हमखास हाच विषय निघतोय, अमेरिकेची ९२ ची ड्रीम टीम (एनबीए ह्या अमेरिकन व्यावसायिक लीगचे स्टार घेऊन उतरलेली पहिली टीम) भारी का त्यांचीच २०२४ ची लेब्रॉन-करीची टीम भारी. आणि वाद तासभर चालून कुठंच पोचत नाही, कारण एक जण मार्जिन (किती पॉईंटनी जिंकले तो फरक) सांगतोय, दुसरा नावं सांगतोय, तिसरा म्हणतोय पूर्वी समोर खेळणारं होतंच कोण. म्हणून सारखे येणारे प्रश्न एका जागी घेतलेत.

नुसतं मार्जिन बघितलं तर एक नंबर कोण?

१९५६, मेलबर्न. ड्रीम टीम नव्हे. बऱ्याच जणांना हे पटत नाही पण आकडे सरळ आहेत. बिल रसेल आणि के. सी. जोन्स असलेल्या त्या अमेरिकन टीमनं आठ मॅच खेळल्या, आठही जिंकल्या, आणि सरासरी ५३.५ पॉईंटनी जिंकल्या. थायलंडला १०१-२९, फिलिपिन्सला १२१-५३, जपानला ९८-४०. सगळ्यात 'अटीतटीची' म्हणावी अशी मॅच सोव्हिएत युनियनबरोबर झाली, ती पण ८५-५५, म्हणजे ३० चा फरक, आणि फायनलला परत तेच दोघं समोरासमोर आले तेव्हा ८९-५५. रसेल तेव्हा एनबीएत आलेलाच नव्हता, ऑलिंपिक संपवून मग तो डिसेंबरात बॉस्टनकडनं खेळायला लागला.

मग ड्रीम टीम दुसरी का?

सरासरी मार्जिनमध्ये हो, दुसरी. १९९२ ला बार्सिलोनात ४३.८, आणि तिसरी १९६० ची रोमची टीम ४२.४, ज्यात ऑस्कर रॉबर्टसन, जेरी वेस्ट, जेरी लुकास होते. पण इथं एक गोष्ट ध्यानात घ्या, १९५६ ला स्कोअर कमी व्हायचे आणि १९९२ ला जास्त, मग ४० पॉईंटचा फरक दोन्हीकडं सारखा कसा धरायचा? ६० वर ४० नी पुढं असणं आणि ८० वर ४० नी पुढं असणं ह्यात लई फरक आहे.

म्हणून मी दुसरं माप लावतो. समोरच्यांनी सगळ्या मॅच मिळून १०० पॉईंट केले असं धरलं तर ह्यांनी किती केले? आठही मॅचची बेरीज करून बघितली की १९५६ ची टीम येते २१७ वर. १९६० ची १७१. आणि ड्रीम टीम १६०, म्हणजे इथं ती रोमच्या टीमच्याही खाली जाते. जॉर्डन-युइंग-मलिन कॉलेजात असताना बॉब नाइटच्या हाताखाली जी टीम १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये खेळली ती १५१. २०१२ ची लंडनची १३९, कोबी-लेब्रॉन-वेडची २००८ ची रिडीम टीम (२००४ ची हार धुऊन काढायला आलेली म्हणून हे नाव) १३६, आणि पॅरिसची २०२४ ची टीम फक्त १२२.

ही उतरंड बघून लगेच कुणीतरी म्हणतंय, म्हणजे प्लेअर खराब होत गेले. उलटं आहे. ह्या आकड्यात अमेरिका एकटी नाही, समोरचं जग पण त्यात आहे, आणि हे जग दर चार वर्षांनी वर चढत आलंय.

१९३६ ला सुरुवात कशी झाली?

बर्लिनला, उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टावर. फायनलच्या दिवशी पाऊस, चिखलात बॉल टप्पाच खाईना, त्यामुळं अमेरिका १९ कॅनडा ८ असा स्कोअर. ज्यानं १८९१ मध्ये हा खेळ शोधून काढला तो जेम्स नेस्मिथ तिथं हजर होता, हे मला ह्या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात आवडतं. दबदबा वगैरे मोजायला मात्र हे ऑलिंपिक उपयोगाचं नाही.

हेलसिंकीची फायनल ३६-२५ कशी काय? अमेरिका कमजोर होती?

नाही. १९५२ ला बॉल किती वेळ हातात ठेवायचा ह्याला मर्यादाच नव्हती, मग सोव्हिएत टीमनं बॉल धरून वेळ काढायचं ठरवलं, कारण पळापळीच्या खेळात आपण टिकणार नाही हे त्यांना कळलेलं. (ह्याच हेलसिंकीत आपल्या राजाराम कॉलेजात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ आणलं, हे कोल्हापूरकराला सांगायला नको.) वेळेचं घड्याळ नाही, थ्री पॉईंटर (लांबनं घातलेल्या बॉलला तीन पॉईंट) नाही, अशा काळातली फायनल आणि आजची फायनल स्कोअरवरनं ताडून बघण्यात काही अर्थ नाही. आंतरराष्ट्रीय मॅचमध्ये बॉल हातात ठेवायला ३० सेकंदांची मर्यादा नंतर आली, २४ सेकंदांची आली २००० पासनं, आणि थ्री पॉईंटची लाईन ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा दिसली ती १९८८ ला सोलमध्ये, तीपण ६.२५ मीटरवर, आता ६.७५ आहे.

सलग ६३ मॅच जिंकल्या म्हणतात ते खरं का?

खरं. १९३६ पासनं १९७२ च्या सेमीपर्यंत ६३ मॅच, सात गोल्ड, एकपण हार नाही. अगदी सोप्या नव्हत्या सगळ्या, १९४८ ला अर्जेंटिनानं ५९-५७ पर्यंत आणलेलं.

मग १९७२ ची म्युनिकची फायनल. डग कॉलिन्सनं शेवटचे तीन सेकंद राहिले असताना दोन फ्री थ्रो टाकून अमेरिकेला ५०-४९ पुढं नेलं. त्यानंतर ते तीन सेकंद परत परत खेळवले गेले, एकदा तर अमेरिकेनं जिंकलो म्हणून नाचायला सुरुवात केली आणि परत घड्याळ लावलं, आणि शेवटी इव्हान येदेश्कोनं पूर्ण कोर्टावरनं फेकलेला बॉल अलेक्झांडर बेलोवनं घेतला आणि घातला. ५१-५०. अपील झालं, तीन विरुद्ध दोन मतांनी फेटाळलं, आणि अमेरिकन प्लेअरनी सिल्व्हर मेडल घेतलीच नाहीत, आजपर्यंत नाहीत. माझं मत विचाराल तर घड्याळाचा घोळ अमेरिकेवर अन्यायच होता, पण त्याच वेळी सोव्हिएत टीम ३९ मिनिटं बरोबरीनं खेळली आणि बऱ्याच वेळ पुढं होती, हे कुणी सांगत नाही. तिथंच दबदब्याला पहिला तडा गेला होता.

सोव्हिएत आणि युगोस्लाव्हिया खरंच एवढे भारी होते का?

होते, आणि ह्यांना विसरून ड्रीम टीमवर बोलणं अर्धवट आहे. १९८० ला मॉस्कोत अमेरिका आलीच नाही, तिथं गोल्ड युगोस्लाव्हियानं घेतलं आणि यजमान सोव्हिएत ब्राँझवर राहिले. १९८८ ला सोलच्या सेमीत सोव्हिएतनी अमेरिकेला ८२-७६ हरवलं आणि ह्यावेळी घड्याळाचा कुठलाच वाद नव्हता, साबोनिस आणि मारचुलिओनिसच्या टीमनं सरळ जास्त चांगलं बास्केटबॉल खेळलं. कागदावर दोन्ही टीम हौशी, पण सोव्हिएत प्लेअर वर्षानुवर्षं एकत्र खेळणारी तयार माणसं आणि समोर अमेरिकेची कॉलेजची पोरं. १९८९ मध्ये फिबानं, म्हणजे बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, प्रो (व्यावसायिक) प्लेअरना दार उघडलं, आणि तीन वर्षांनी ड्रीम टीम आली.

ड्रीम टीमसमोर कोणी तगडं होतं का?

ह्या प्रश्नावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण सगळ्या वादाची किल्ली इथं आहे.

प्लेअर बघायला गेलं तर तशी टीम परत झाली नाही. मॅजिक, बर्ड, जॉर्डन, पिपेन, बार्कली, मलोन, स्टॉकटन, युइंग, रॉबिन्सन, ड्रेक्सलर, मलिन, आणि कॉलेजातनं आलेला लेटनर. कोच चक डेली, ज्यांनी आख्ख्या स्पर्धेत एकपण टाइमआऊट घेतला नाही. अंगोलाला ११६-४८, लिथुआनियाला सेमीत १२७-७६, सगळ्यात कमी फरक ३२ चा आणि तो फायनलला, क्रोएशियाबरोबर ११७-८५. टीममध्ये जॉर्डन असताना सगळ्यात जास्त पॉईंट बार्कलीनं केले, ह्यावरनं खोली समजते.

आता दुसरी बाजू. ऑलिंपिकच्या अगोदरच्या दोन वर्षांत जगातल्या दोन नंबरच्या आणि तीन नंबरच्या टीम फुटल्या. १९९० ची वर्ल्ड चॅम्पियनशिप युगोस्लाव्हियानं जिंकलेली, पेट्रोविच, कुकोच, दिवाच एकाच टीममध्ये. १९९२ येईपर्यंत देशच फुटला, पेट्रोविच आणि कुकोच क्रोएशियाकडनं आले, दिवाच घरी, कारण उरलेल्या युगोस्लाव्हियाच्या टीमवर निर्बंध होते. सोव्हिएतचं तेच. सोलच्या गोल्डवाल्या टीमचे साबोनिस, मारचुलिओनिस, कुर्तिनाइटिस आणि खोमिचुस हे चौघं लिथुआनियाचे, ते आपल्या देशाकडनं खेळले आणि ब्राँझची मॅच कुणाबरोबर झाली, तर उरलेल्या सोव्हिएत देशांच्या मिळून केलेल्या टीमबरोबर, ८२-७८. एकाच जुन्या टीमचे दोन तुकडे तिसऱ्या नंबरसाठी झगडत होते.

अख्खा युगोस्लाव्हिया समोर असता तर ड्रीम टीम हरली असती का? मला नाही वाटत. पण ३२ चा फरक बहुतेक १५ वर आला असता.

२००४ ला नक्की काय झालं? टीममध्ये डंकन होता, आयव्हर्सन होता, पोरगा लेब्रॉन होता.

घाईत जमवलेली टीम होती आणि बाहेरनं शूट करणारे कमी. पहिल्याच मॅचमध्ये पोर्तो रिकोनं ९२-७३ हाणलं, अमेरिकेचे थ्री पॉईंटर २४ मधले ३ पडले. मग लिथुआनिया ९४-९०, सेमीत अर्जेंटिना ८९-८१. १९३६ ते २००० पर्यंत मिळून दोन हार, आणि एका अथेन्समध्ये तीन. गोल्ड जिनोबिलीच्या अर्जेंटिनानं घेतलं, आणि ते नशिबानं नव्हे, दोन वर्षं अगोदर इंडियानापोलिसला वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ह्याच अर्जेंटिनानं एनबीए प्लेअर असलेल्या अमेरिकेला त्यांच्याच घरात हरवलेलं. ती अर्जेंटिनाची टीम पोरवयापासनं एकत्र वाढलेली, कोण कुठं कट मारणार हे न बघता कळायचं. मला ती टीम मनापासनं आवडते.

पॅरिसची टीम तर जेमतेम जिंकली, मग तिला भारी का म्हणायचं?

खासबागेत मोठी कुस्ती कुणाची हे विचारताना आपण नुसतं किती मिनिटांत चितपट केलं ते बघत नाही, जोड कुणाशी होती ते विचारतो. तसंच इथं.

८ ऑगस्टची सेमी आपल्याकडं मध्यरात्री साडेबाराला लागली. सर्बिया एका वेळी १७ नी पुढं, तीन क्वार्टर झाले तेव्हा ७६-६३. समोर योकिच, त्या सीझनचा एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम प्लेअर. चौथ्या क्वार्टरमध्ये अमेरिकेनं ३२-१५ केलं आणि ९५-९१ नी मॅच काढली, करीचे ३६, लेब्रॉनचा ट्रिपल डबल (पॉईंट, रिबाउंड, असिस्ट तिन्ही दहा किंवा जास्त), आणि अमेरिकेचा उंच सेंटर एम्बीड नसता तर ती मॅच गेलीच होती. फायनलला फ्रान्स, त्यांच्याच घरात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर, वेम्बान्यामाचे २६, आणि शेवटच्या मिनिटांत करीनं एकामागोमाग एक थ्री टाकले. ९८-८७. त्या अगोदर लंडनच्या सराव मॅचमध्ये दक्षिण सुदाननं १०१-१०० पर्यंत आणलेलं, जो देश २०११ ला जन्माला आला.

सरासरी मार्जिन १९. ड्रीम टीमच्या निम्म्यापेक्षाही कमी. पण ड्रीम टीमसमोर एनबीएत खेळणारे मोजके परदेशी होते, आणि २०२३-२४ च्या सीझनला १२५ परदेशी प्लेअर एनबीएच्या टीममध्ये होते. ड्रीम टीमला अशी सेमी खेळावीच लागली नाही.

मग तुमचा एक नंबर कोणता ते सांगा की सरळ.

पुरुषांमध्ये दबदबा म्हणाल तर १९९२. आकड्यात १९५६ पुढं आहे हे मान्य, पण थायलंड-फिलिपिन्सवर ६०-७० नी जिंकून सरासरी फुगते. ड्रीम टीमनं पेट्रोविच, कुकोच, साबोनिस असलेल्या टीमना ३०-५० नी हरवलं, हे वजन वेगळं आहे. आणि एकच गोल्ड सगळ्यात अवघड कुठलं म्हणाल तर २०२४, त्याच्याजवळ दुसरं कुठलं येत नाही. २०१२ ची टीम नायजेरियाला १५६-७३ नी हरवून गेली, कार्मेलोनं १४ मिनिटांत ३७ केले, लोक तेच सांगतात, पण त्याच टीमला लिथुआनियानं ९९-९४ पर्यंत आणि फायनलला स्पेननं १०७-१०० पर्यंत आणलं, म्हणून ती माझ्याकडं ह्या दोघींच्या मागं.

९२ ची टीम आणि २४ ची टीम समोरासमोर आली तर?

कुठल्या नियमानं खेळणार त्यावर आहे. १९९२ च्या नियमानं, ३० सेकंद, जवळची थ्री लाईन, अंगाला लागून डिफेन्स चालवून घेणारे रेफरी, तर जॉर्डन-पिपेन बाहेरच्या बॉल हँडलरचं जगणं अवघड करतील. आजच्या नियमानं युइंग-रॉबिन्सनला वर येऊन करीला गार्ड करावं लागेल आणि तिथं गोंधळ होणार. ह्यावर रात्रभर भांडा, उत्तर मिळणार नाही, पण भांडायला मजा येते.

बायकांच्या टीमबद्दल कुणीच का बोलत नाही?

बोललं पाहिजे, कारण आज ऑलिंपिकमधला सगळ्यात मोठा दबदबा तोच आहे. अमेरिकेच्या महिला टीमनं १९९६ पासनं २०२४ पर्यंत सलग आठ गोल्ड घेतलेत. १९९२ च्या सेमीत हरल्या, ब्राँझची मॅच जिंकल्या, आणि ती धरून ६१ मॅच झाल्या, एकपण हरलेल्या नाहीत. पुरुषांचं ६३ मॅचवर संपलं. डायना टॉरासीकडं एकटीकडं सहा गोल्ड आहेत, एवढी बास्केटबॉलमध्ये कुठल्याच पुरुषाकडं नाहीत.

त्या अगोदर हे राज्य सोव्हिएत बायकांचं होतं. १९७६ ला महिला बास्केटबॉल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं तेव्हा सात फुटाच्या उलियाना सेम्योनोवाच्या टीमनं अमेरिकेला ११२-७७ उडवलं. म्हणजे अमेरिकन महिलांना दबदबा वारशात मिळाला नाही, ३५ नी हरल्यापासनं त्यांनी तो उभा केला. १९९६ च्या अगोदर तर टीम जवळजवळ वर्षभर एकत्र ठेवली, जगभर फिरवली, सरावाच्या ५२ च्या ५२ मॅच जिंकल्या आणि मग अटलांटात उतरल्या.

पॅरिसच्या फायनलला फ्रान्सनं त्यांना ६७-६६ वर आणलं. शेवटच्या क्षणी गॅबी विल्यम्सनं टाकलेला बॉल आत गेला, पण पाय लाईनवर होता म्हणून दोनच पॉईंट. तीन असते तर मॅच ओव्हरटाइमला. आमच्याकडं खेळणाऱ्या मुलींना माझं सांगणं आहे की करीचे व्हिडिओ बघाच, पण अमेरिकेच्या महिला टीमची एजा विल्सन फूटवर्क कसं करते ते पण बघा.

आपल्या हॉकीच्या दबदब्याशी ह्याची तुलना होते का?

चांगली होते. १९२८ ते १९५६ सलग सहा गोल्ड, आणि १९६० च्या फायनलला पाकिस्तानकडनं १-० नी हरेपर्यंत ३० मॅच सलग जिंकलेल्या. गंमत बघा, १९५६ ला मेलबर्नमध्ये एकीकडं रसेलची टीम ५३ च्या सरासरीनं जिंकत होती आणि त्याच शहरात आपली हॉकी टीम पूर्ण स्पर्धेत ३८ गोल मारून एकपण न खाता गोल्ड घेत होती. फरक पुढं पडला. १९७६ ला हॉकी कृत्रिम टर्फवर गेली, आपल्या पोरांना खेळायला तसली ग्राउंडच नव्हती आणि आपण मागं पडलो. अमेरिका २००४ ला पडली तेव्हा त्यांनी आख्खी पद्धत बदलली, कोच शशेव्हस्की आणले, प्लेअरकडनं काही वर्षांची बांधिलकी मागितली, आणि २००८ पासनं पाच गोल्ड सलग आले.

भारत ऑलिंपिक बास्केटबॉल खेळलाय का?

एकदाच, १९८० मॉस्को, पुरुषांची टीम. एकपण मॅच जिंकता आली नाही, बाराव्या नंबरवर. पण ते तिथं पोचले हे छोटं नाही.

थ्री बाय थ्री (तीन-तीन जणांचं, अर्ध्या कोर्टावरचं बास्केटबॉल) ह्यात धरायचं का?

नको, वेगळा खेळ आहे. आणि तिथं अमेरिकेचा दबदबा नाहीच, टोकियोला त्यांची पुरुष टीम क्वालिफायच झाली नव्हती आणि गोल्ड लाटव्हियानं घेतलं.

नवीन माणसानं कुठल्या मॅच बघाव्यात?

ड्रीम टीमपासनं सुरुवात करू नका, एकतर्फी मॅच बघून खेळ कळत नाही. आधी २००० ची सिडनीची सेमी बघा, अमेरिका ८५ लिथुआनिया ८३, शेवटचा थ्री यासिकेविचुसच्या हातातनं सुटतो आणि कमी पडतो. मग २००४ चा अर्जेंटिना, मग पॅरिसच्या दोन्ही फायनल, पुरुषांची आणि महिलांची, लागोपाठ. आणि २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये महिला टीमच्या गटातल्या पहिल्या तीन मॅच चुकवू नका, कारण दोन जिंकल्या की ६३ ची बरोबरी होते आणि तिसरीत रेकॉर्ड मोडतंय.